उपरण्याखालची तनखा

लातूरच्या गंजात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत, त्या काळी दुकानातल्या माणसाची तनखा तोंडाने सांगायची नाही, असा रिवाज होता. दिवाळीच्या पाडव्याला नवे साल सुरू होई. सकाळची पूजा आटोपली की मालक गादीवर बसत, मांडीवर उपरणे पसरत आणि एकेका माणसाला जवळ बोलावत. माणूस समोर बसून आपला उजवा हात उपरण्याखाली सारी. मालक त्याची बोटे धरीत, आधी दहाची आणि मग एकाची, पाच पुरली नाहीत तर पुन्हा. त्यांची जी बेरीज होई तितके हाली, म्हणजे निजामी, रुपये महिन्याला. कमी वाटले तर माणसाने उलट मालकाची बोटे धरून आपला आकडा सांगायचा. जुळले की मालकाचा तळवा दाबायचा, हात बाहेर काढायचा आणि पुढ्यात ठेवलेला नारळ कपाळाला लावून उठायचे. आडतीत धान्याचे भाव ज्या बोटांनी ठरत, त्याच बोटांनी माणसाचे सालही ठरे. शेजारी बसलेल्याला काही कळत नसे, आणि ते कळू नये हाच त्यातला हेतू होता. एकाची तनखा दुसऱ्याला समजली की दुसऱ्या दिवशी सगळेच हात पुढे करतील, असे गंजातील प्रत्येक मालक म्हणत असे.

मी मामांच्या कापडाच्या दुकानात आलो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. वडील नांदेडच्या तहसिलीत पेशकार होते. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मला हैदराबादेस शिकवले. तेथे मी उर्दूतून अर्थशास्त्र वाचले. मजुरीला ‘उजरत’ म्हणतात, ती मागणी आणि पुरवठा यांच्या ताणाने ठरते, हे मला तोंडपाठ होते. पदवी घेऊन नांदेडला परतल्यावर सहा वर्षे मी नोकरीच्या दरखास्ती लिहिण्यात घालवली. माझे अक्षर सुंदर होते, परंतु मुलाखतीला समोर कोणी बसले की माझा आवाज घशातच राहत असे. अखेर मामांचा निरोप आला की, नोकरी लागेपर्यंत इकडे ये, नुसते बसण्यापेक्षा बरे. नोकरी पुढेही लागली नाही. कोणतीच गोष्ट मी वेळेवर सुरू केली नाही. हे लिहायलाही सत्तरी उलटल्यावर बसलो आहे.

पहिल्या पाडव्याला मामांनी माझा हात उपरण्याखाली घेऊन बोटे धरली आणि मी बावळटासारखा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी त्यांनी वाकून आकडा माझ्या कानात सांगितला. विक्रीला बसणारी माणसे तोंड फिरवून हसली.

“भाचेसाहेबांचं शिक्षण वरच्या मजल्याचं हाय,” त्यांतील एक म्हणाला. “खाली उतराय येळ लागंल.”

त्या हसण्यात एकच माणूस सामील झाला नाही. मला त्याचाच सर्वांत अधिक राग आला.

त्यांना सगळे दादा म्हणत. औशाकडच्या एका खेड्यातले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, चौथीपर्यंत शिकलेले. अंगाने किरकोळ, पण हाताची बोटे लांब आणि विलक्षण स्वच्छ. लुगड्याची घडी मोडताना ते मनगटाला असा एक हलका झटका देत की काठ नेमका समोरच्या बाईच्या गुडघ्यापाशी येऊन पडे. तो झटका मी दुकान बंद झाल्यावर एकटा असताना अनेकदा करून पाहिला. माझ्या हातून लुगडे नेहमी कंदिलाच्या काचेवर गेले.

खेड्यांतून आलेल्या बाया पायरी चढतानाच त्यांना हाक मारीत.

“दादा, लेकीला बघाय पाव्हणे यायलेत. रंग तुमीच सांगा.”

“लेक उजळ हाय का सावळी?”

“सावळी हाय. माझ्यावानी.”

“तुमच्यावानी असंल तर पाव्हणे लुगड्याकडं कशाला बघतेत, काकू? कोनतंबी घ्या.”

बाई पदर तोंडाला लावून हसे आणि एकाऐवजी दोन लुगडी घेऊन जाई. मी एकदा धीर करून एका बाईपुढे उत्तम सोलापुरी लुगडे ठेवले आणि त्याची वीण, त्याचा पक्का रंग, त्याची टिकाऊ किनार यांविषयी नीट समजावून सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, “हाव, मास्तर,” आणि सरकत सरकत दादांपुढे जाऊन बसली.

हे मी सहन केले असते. विक्री हा माझा प्रांत नव्हे, अशी समजूत घालता आली असती. मला सहन होत नसे ती दुपार. जेवणे झाली की बाजार तासभर सुस्तावे, आणि तेव्हा दादा जिन्याने वर मामांच्या खोलीत जात. मामा सुपारी कातरत, दादा समोर बसत. सोलापूरहून गाठोडे आले असेल तर ते तेथेच उघडले जाई. दोघे डोळे मिटून कापड अंगठा आणि तर्जनी यांत धरीत, चोळीत, आणि एकदमच डोळे उघडून एकमेकांकडे पाहत. न बोलता त्यांचे काहीतरी ठरलेले असे. मी चहाचे पेले न्यायच्या निमित्ताने वर गेलो की मामा म्हणत, “ठेव तिथं,” आणि बोलणे मी खाली उतरेपर्यंत थांबे. मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होतो. त्या जिन्यावर उभे राहून मी कितीदा मनाशी हिशेब केला असेल की, इतका विश्वास ज्याच्यावर, त्याच्या हातावर उपरण्याखाली किती बोटे पडत असतील! पन्नास? साठ? तो आकडा माझ्या मनात दर महिन्याला वाढत जाई.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली तेव्हा मामांनी मला विचारले, “तू शिकलास तर सांग. माझ्या बापाच्या काळात चार माणसं ठेवली तरी कळत नव्हतं. आता एक माणूस ठेवायचा म्हणजे धाप लागून राहिली. हे कशानं?”

माझ्या आयुष्यात प्रथमच कोणी माझ्या विद्येला प्रश्न विचारला होता. मी आमचे म्हातारे गुमास्ते, शेजारचे दुकानदार, मामी यांना विचारून माहिती गोळा केली. आजोबांच्या काळी दुकानातल्या माणसाला रोकड अशी जवळपास मिळतच नसे. तो दोन्ही वेळा मालकाच्या घरी जेवे. दसऱ्याला दोन धोतरे, एक पैरण, एक पटका. लेकीचे लग्न निघाले तर मालकाने लुगडी द्यायची. हातात पडे ते तंबाखूपुरते. मामांच्या तरुणपणी रात्रीचे जेवण गेले आणि त्याबदली थोडे रुपये आले. पुढे पटका गेला, आणखी थोडे रुपये आले. म्हणजे माणूस हळूहळू घरातून निघून बाजारात येत होता, आणि बाजारात आलेल्या वस्तूचा भाव रोज बदलतो. त्यात नांदेडच्या कापडगिरणीने भर घातली. तेथे महागाईभत्त्यासह रोख मिळते, भोंगा झाला की सुटी होते, असे ऐकून गंजातली तरणी माणसे मोटारीने नांदेडला जाऊ लागली. जी राहिली ती जाण्याची भाषा बोलू लागली.

हे सारे मी मामांना सांगितले. ते मान हलवत राहिले. “मग उपाय काय?”

मी उपाय सांगितला, आणि तो सांगताना माझ्या मनात काय होते हे आज लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, ज्वारी महाग होत चालली आहे, तेव्हा दुपारचे जेवणही बंद करावे आणि सर्वांना सरसकट रोख द्यावी. व्यवहार स्वच्छ होईल. शास्त्रदृष्ट्या ते मला खरोखरच योग्य वाटत होते. परंतु दादांना मामींच्या हातची भाकरी मिळते, मामी त्यांना “अजून घे की” म्हणतात, हे रोज पाहावे लागू नये, हेही त्या उपायात होते.

मामांनी ऐकले. जेवणे बंद झाली. पुढच्या सुगीच्या आधीच ज्वारी अशी भडकली की दिलेली रोख दोन महिन्यांत अपुरी पडू लागली. माणसे दर सणाला वाढ मागू लागली, आणि पुन्हा जेवण घाला म्हणावे तर मामांनाच ते परवडेना. गंजातले दुकानदार मामांना म्हणत, “भाच्याच्या अकलेनं महागात पडलात जणू.” मामांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दादा धडप्यात भाकरी बांधून आणू लागले, मागच्या पडवीत खाऊ लागले, आणि हात धुऊन पूर्वीप्रमाणेच वर जाऊ लागले. माझ्या शास्त्राने भाकरी तेवढी थांबवली होती.

त्यानंतरच्या दिवाळीच्या आधी महिनाभर मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे जड झाले. ते खोलीतच पडून असत. पाडवा जवळ आला तसे त्यांनी मला बोलावले. डाव्या हाताने साल ठरवायचे नसते. हात तुझा, असे ते म्हणाले.

एकेका माणसाचा आकडा त्यांनी सांगितला. मी दादांच्या आकड्याची वाट पाहत होतो.

“त्याला... गेल्या साली तेवीस. औंदा अठ्ठावीस दे.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. “तेवीस?”

“हाव. तेवीस.”

मला स्वतःला तीस मिळत होते. दुकानात सर्वांत निरुपयोगी माणूस मी, आणि माझी तनखा दादांहून सात रुपयांनी जास्त होती. कोणालाही वाटेल की येथे माझा मत्सर संपायला हवा होता. उलट त्याने त्या दिवशी नवे मूळ धरले. पन्नास-साठ रुपयांसाठी कोणी जीव तोडून काम करतो, हे समजण्यासारखे होते. तेवीस रुपयांत नांदेडला न जाणारा माणूस मामांकडून दुसरे काय घेत होता? जे घेत होता ते मला तीस रुपयांसह मिळत नव्हते.

पाडव्याला मी गादीवर बसलो. उपरणे मामांचेच होते. पहिल्या तिघांशी माझी बोटे बरी चालली. ते हिसकाहिसकी करीत, मी मामांनी सांगितलेल्या मर्यादेत वर सरकत गेलो. आडतीत दलालांना पाहून मी एवढे शिकलो होतो की, पहिला आकडा नेहमी खालचा धरायचा, समोरचा वर ओढतोच. मग दादा बसले. त्यांचा कोरडा, उबदार हात माझ्या हाताला लागला. मी दोन बोटे धरली आणि तेथेच थांबलो. एकाची बोटे धरलीच नाहीत. वीस.

दादा माझ्याकडे पाहत होते. मी उपरण्याच्या काठाकडे पाहत होतो. त्यांनी माझी बोटे धरावीत, पंचवीस म्हणावेत, तीस म्हणावेत, याची मी वाट पाहत होतो. आणि त्यांना ते मागावे लागावे, निदान एकदा तरी माझ्यापाशी काही मागावे लागावे, यासाठीही मी वाट पाहत होतो. त्यांनी तळवा दाबला. हात बाहेर काढला, नारळ उचलला, कपाळाला लावला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.

त्यांची आणि मामांची कधी हिसकाहिसकी होतच नसे, हे मला मागाहून म्हाताऱ्या गुमास्त्याने सांगितले. मामा पहिल्यांदा धरीत तोच आकडा शेवटचा. अकरा वर्षांत दादांनी मामांची बोटे उलट धरली नव्हती. हे दुकानात सर्वांना ठाऊक होते. मलाच ठाऊक नव्हते, कारण पाडव्याच्या सकाळी त्या दोघांकडे पाहणे मी नेहमी टाळीत असे.

त्याच क्षणी “दादा, थांबा” म्हणता आले असते. मी वर गेलो. मामांनी विचारले, “दिलं?” मी म्हणालो, “हो.” एवढ्या एका अक्षराने ते वर्ष झाकले गेले. उरलेले आठ रुपये मी घेतले नाहीत. ते दरमहा दुकानातच राहिले. हे सांगून मला थोडा चांगुलपणा पदरात पाडून घ्यायचा आहे, हे मला कळते.

दादा बदलले, पण ते ओळखू येण्याइतके दिसत नसे. विक्री तशीच चालली. बाया हसत, लुगडी खपत. फक्त दुपारी ते वर जाईनासे झाले. भाकरी खाऊन पडवीतच डोके टेकून बसू लागले. अपंग झालेल्या मालकाने आपली तनखा वाढवण्याऐवजी कापली, म्हणजे आपल्या हातून काहीतरी फार वाईट घडले असले पाहिजे, आणि ते काय हे विचारणे बरे नव्हे, अशी त्यांची समजूत झाली होती. तनखा उपरण्याखाली ठरलेली. तिच्याविषयी तोंड उघडायचे नाही हा गंजाचा नियम ते पाळत होते.

वरची दुपार रिकामी झाली, तेव्हा मी ती घेतली. मी मामांपुढे बसू लागलो. सुपारी कातरून देऊ लागलो. इतकी वर्षे जे हवे होते ते मिळाले. गाठोडे आले की मामा डाव्या हाताने कापड चाचपून माझ्यापुढे करीत. मी अंगठा आणि तर्जनी यांत ते चोळून डोळे मिटत असे, आणि डोळे उघडल्यावर मामा खिडकीकडे पाहत असलेले दिसत.

“तो काहून येत न्हाई?” ते विचारीत.

“खाली गर्दी असते.”

“दुपारची?”

मी सुपारी कातरायला घेत असे. काही दिवसांनी तेही विचारीनासे झाले. मला वाटते, जिना चढून वर येण्यात आता दादांना काही लाभ दिसत नाही, असे त्यांनी मनाशी धरले असावे. दोन माणसे एकाच जिन्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांनी आपल्याला टाकले म्हणून झुरत होती, आणि मी दिवसातून दहा वेळा तो जिना चढत-उतरत होतो. मला वाईट वाटत नव्हते असे नाही. परंतु त्याहून अधिक मला याचे नवल वाटे की, माझ्यावाचून कोणी असे झुरेल का?

पुढच्या आश्विनात नांदेडचा एक कापडवाला गंजात आला. गिरणीच्या आसपास त्याने नवे दुकान घातले होते आणि त्याला गिऱ्हाईक ओळखणारा माणूस हवा होता. तो तीन दिवस आमच्या समोरच्या दुकानात बसून दादांचे हात पाहत होता. चौथ्या दिवशी, सकाळी दुकान झाडून झाल्यावर, दादा माझ्याजवळ आले.

“भाचेसाहेब, पाडव्याला माझा नारळ ठिवू नका. नांदेडला जाऊन राहिलो. चाळीस देतो म्हणतोय, खोली बी देतोय.”

इतकी वर्षे मी मनात जे मागत आलो होतो ते, मी काही न करता, सरळ चालत माझ्यापुढे आले होते. मी म्हणालो, “मामांना सांगितलेत?”

“त्यांच्या मनातनं मी मागल्या पाडव्यालाच उतरलो. आता काय सांगू?” ते हातातले भाकरीचे धडपे चाचपू लागले. “तुमच्यावर राग न्हाई बगा. हात तुमचा व्हता. बोटं मालकाची व्हती.”

मी गप्प राहिलो असतो तर सगळे संपले होते. पण हे शेवटचे वाक्य मला झोंबले. मी आयुष्यात एकदाच कोणाचे तरी काहीतरी हिरावून घेण्याइतका पुढे आलो होतो, आणि तेही या माणसाने मामांच्या नावावर टाकले होते. त्याच्या लेखी मी इतका नव्हतोच की, त्याचे वाईटदेखील माझ्या हातून व्हावे. जे धैर्य मला मुलाखतींत कधी आले नाही ते तेव्हा आले. पश्चात्तापाने आले असते तर बरे झाले असते.

“दादा, बोटेही माझीच होती,” मी म्हणालो. “मामांनी अठ्ठावीस सांगितले होते. वीस मी धरले.”

माझी अपेक्षा होती की ते मला मारतील, निदान चार माणसांत शिव्या देतील. त्याची मी तयारी केली होती, जणू त्यावर माझा हक्कच होता. दादांनी पुन्हा विचारले, “म्हंजी मालकानं न्हाई कमी केलं?”

“नाही.”

“अठ्ठावीस म्हणले व्हते?”

“होय.”

“आँ!” एवढाच त्यांच्या तोंडून आवाज निघाला. हातातले धडपे त्यांनी तेथेच टाकले आणि जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करीत ते वर गेले. मी कोण, मी का केले, हे त्यांनी विचारलेही नाही.

मी जिन्याखाली उभा राहिलो. वरून आधी दादांचा घाईचा आवाज आला, मग मामांचा. झटक्यानंतर मामांचे बोलणे आम्हां घरच्यांना दोनदा-तीनदा विचारावे लागे, म्हणून त्यांनी बोलणेच कमी केले होते. त्या सकाळी ते अडखळत, घरंगळत, सलग बोलत होते, आणि दादा एकदाही “काय म्हणलात?” म्हणाले नाहीत. मध्येच दोघे हसले. एका वर्षाने त्या खोलीत कोणी हसले होते, आणि माझा जुना मत्सर पूर्वीपेक्षा मोठा होऊन उठला. माझ्या कबुलीने मी त्यांना एकमेकांच्या हाती परत दिले होते. जिना पुन्हा माझा चहाचे पेले नेण्यापुरताच राहिला होता.

मामांनी मला वर बोलावले. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि दादांना विचारले, “नांदेडवाला किती म्हणतो?”

“जाऊ द्या, मालक.”

“किती?”

“चाळीस.”

मामांनी डावा हात खाटेवर आपटला, आणि जिन्याच्या तोंडाकडे मान वळवून, खालच्या चारही माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “चाळीस! याची तनखा चाळीस!” जीभ जड असूनही तो आकडा स्वच्छ उमटला. खाली कापड मोजायचा गज आपटायचा थांबला.

“मालक, असं मोठ्यानं...” दादा घाबरून म्हणाले.

“उपरण्याखाली काय झालं ते बघितलं न्हवं?” मामा म्हणाले.

जे व्हायचे ते झाले. संध्याकाळपर्यंत समोरच्या दुकानातल्या माणसांनाही तो आकडा कळला. आमच्याकडचे म्हातारे गुमास्ते प्रथमच खाकरून मामांपुढे जाऊन बसले, मग बाकीचेही. दिवाळीच्या आत आमची माणसे जवळजवळ दीडपट महाग झाली. शेजारचे मालक मामांना भेटायला आले ते प्रकृती विचारायला नव्हे, भांडायला.

“तुमी खाटेवर पडून आमाला बुडवलं,” एकजण म्हणाला. “आता आमची बी माणसं तोंडानं मागून राहिलीत.”

“मग तोंडानं द्या,” मामा म्हणाले.

गंजात तनखा उघडपणे बोलली जाऊ लागली ती केवळ आमच्यामुळे, असा माझा दावा नाही. गिरणी होती, महागाई होती, नांदेडच्या मोटारी रोज भरून जात होत्या. आज ना उद्या ते होणारच होते. शिकलेला माणूस म्हणून मला कोणी कारणे विचारली तर मी हीच सांगतो, आणि ती खरीच आहेत. माझ्या दोन बोटांविषयी मी कधी बोललो नाही.

त्या पाडव्याला मामांना चौघांनी धरून खाली आणले आणि गादीवर लोडाला टेकवून बसवले. उपरणे त्यांनी खांद्यावरच राहू दिले. एकेक माणूस समोर बसे, आकडा सर्वांसमोर बोलला जाई, थोडी घासाघीस होई, कोणी तरी चेष्टा करी. दादांचे चाळीस झाले. माझी पाळी शेवटी आली.

“तुला रे?” मामांनी विचारले. “बोल.”

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला अडतीस मागायचे होते. मला एक्केचाळीस मागायचे होते. आदल्या रात्रभर मी तो आकडा मनात घोकला होता.

“गेल्या सालाएवढेच,” मी म्हणालो.

“तीस?”

“हो.”

“बरं,” मामा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने नारळ माझ्याकडे सरकवला, आणि सोलापूरच्या नव्या मालाचे काय करायचे ते दादांना विचारू लागले.